सॅलिनसच्या केंद्राला नाशिकहून पत्र

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेतील बाल-पर्यावरण-आरोग्य संशोधन केंद्रात काम केलेल्या आणि करत असलेल्या सर्वांना,



मी नाशिक जिल्ह्यातून लिहिते आहे. तुमच्या सॅलिनस खोऱ्यात लेट्यूस आणि स्ट्रॉबेरी पिकते, आमच्या निफाड-दिंडोरीत द्राक्षं. तुमच्याकडे मेक्सिकोहून आलेली माणसं शेतात राबतात, आमच्याकडे पेठ-सुरगाण्याहून उतरलेल्या टोळ्या. दोन्हीकडचा माल लांबच्या ताटांत जातो आणि फवारा इथल्यांच्या अंगावर येतो. पत्र तुम्हाला लिहीत असले, तरी ते आमच्या विद्यापीठाच्या आणि सरकारच्याही वाचनात यावं म्हणून उघडपणे लिहिते आहे. विषय पैशाचा आहे.

१९९८ साली तुमचं केंद्र सुरू झालं. पैसा अमेरिकेच्या दोन सरकारी संस्थांनी मिळून दिला : पर्यावरण-आरोग्य विज्ञानाची राष्ट्रीय संस्था आणि पर्यावरण संरक्षण संस्था. त्याआधी १९९६ साली अन्नातल्या कीटकनाशकांचा नवा कायदा झाला होता, मुलांसाठी वेगळी, अधिक कडक मर्यादा धरा असं सांगणारा. १९९७ साली मुलांच्या पर्यावरणीय आरोग्याबद्दल अध्यक्षांचा आदेश निघाला होता. म्हणजे कुठे विषबाधा झाली, वर्तमानपत्रांत फोटो आले आणि मग घाईने मंजूर झालेला हा निधी नव्हता. माझं सगळं म्हणणं इथून सुरू होतं.

१९९९-२००० मध्ये तुम्ही सॅलिनस खोऱ्यातल्या ६०१ गरोदर बायकांची नावं नोंदवलीत. बऱ्याच जणी स्वतः शेतात जाणाऱ्या, उरलेल्यांपैकी बहुतेकींच्या घरात कोणी ना कोणी शेतमजूर. गरोदरपणात दोनदा त्यांच्या लघवीचे नमुने घेतलेत. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं शरीरात गेली की त्यांचे तुकडे होऊन लघवीवाटे बाहेर पडतात. ते तुकडे मोजलेत. मग मुलं जन्मली आणि तुम्ही त्यांच्या मागे राहिलात. दुसऱ्या वर्षी तपासणी, पुढे पुन्हा, सातव्या वर्षी पुन्हा. ज्यांना कार्यालयात येणं जमत नव्हतं त्यांच्या दारापर्यंत तुम्ही एक मोठी मोटारगाडी नेलीत, आतून तपासणीची खोली केलेली. २०११ साली ३२९ मुलांचा हिशेब प्रसिद्ध झाला : ज्या आयांच्या लघवीत या तुकड्यांचं प्रमाण सर्वांत जास्त होतं त्या पाचव्या हिश्श्यातल्या मुलांचा बुद्ध्यंक सर्वांत कमी प्रमाणाच्या पाचव्या हिश्श्याहून सरासरी ७ गुणांनी खाली होता. एकेकट्या मुलाबद्दल यावरून काही सांगता येत नाही, हे तुम्हीच सांगत आलात. पण गावच्या गाव ७ गुणांनी खाली सरकलं, तर त्याचा अर्थ कोणत्याही शाळामास्तराला कळेल.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट मला त्या सात गुणांहून मोठी वाटते. मुलांच्या स्वतःच्या लघवीत, जन्मानंतरच्या वर्षांत सापडलेल्या अंशांचा बुद्ध्यंकाशी असा ठाम संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो आईच्या पोटातल्या महिन्यांशी. तुम्हाला पैसा २००६ साली मिळाला असता, तर मुलं समोर होती, शाळा होत्या, कसोट्या होत्या. फक्त उत्तर ज्यात होतं तो नमुना नव्हता. गरोदरपणातल्या त्या दोन बाटल्या नंतर कितीही कोटी ओतले तरी परत मिळत नाहीत.

आमच्याकडे पैसा नेमका उशिरा येतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयात गेले. विशेष तपास पथक आलं, अहवाल झाला, मोफत हातमोजे आणि मास्क वाटले गेले. जे मेले त्यांची मोजदाद झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या हंगामात यवतमाळमध्ये किती बायका गरोदर होत्या, त्यांची मुलं आज कुठल्या वर्गात आहेत, त्यांना वाचायला जड जातं का, हा प्रश्न चौकशीच्या चौकटीत बसतच नाही. चौकशीला मृत्यू लागतो. तुम्ही जे शोधलंत ते हळू, सौम्य आणि बिनआवाजी नुकसान होतं. त्यासाठी दवाखान्याच्या दारात कोणी आरडाओरडा करत नाही.

तुमच्या राज्याकडे आणखी एक गोष्ट होती, जिच्याशिवाय हे काम अर्धंच झालं असतं. १९९० पासून कॅलिफोर्नियात शेतीतल्या प्रत्येक फवारणीची नोंद सरकारकडे द्यावी लागते : कोणतं औषध, किती, कुठे, कधी. त्या नोंदींवरून तुम्हाला एखाद्या गरोदर बाईच्या घराभोवतीच्या शेतांत त्या महिन्यांत काय पडलं, ते काढता आलं.

आणि आता हे ऐका. नाशिकच्या निर्यातक्षम द्राक्षबागांतही फवारणीची वही असते. निर्यातीसाठी बाग नोंदवायची, तर कोणत्या तारखेला काय फवारलं ते लिहावंच लागतं. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष सापडले म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडली, बागाईतदारांचं अतोनात नुकसान झालं, आणि त्यानंतर ही शिस्त अधिकच घट्ट झाली. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात अवशेष मोजण्याची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. तिथली माणसं कोट्यवधी कणांतला एखादा कण हुडकतात. कंटेनर युरोपला निघण्याआधी घडात काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं. त्याच घडाची थिनिंग, म्हणजे मणी विरळ करणारी, डिपिंगच्या, म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवण्याच्या, वेळी ओल्या वेलीखाली हात वर करून दिवसभर उभी राहणारी बाई सहाव्या महिन्यात असेल, तर तिच्या शरीरात काय आहे हे बघणारी नेमाची व्यवस्था नाही. ग्राहकाच्या ताटाची काळजी घ्यायला पैसा उभा राहिला, आणि तो राहिला याचा मला आनंदच आहे. म्हणजे यंत्रं आहेत, वही आहे, मोजणारे हात आहेत. लघवीचा नमुना वेगळा आणि त्याची पद्धत वेगळी, पण ती शिकता येते. नाही ते फक्त या सगळ्याला त्या बाईशी जोडणारं केंद्र.

ते नाशिकलाच व्हावं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच आहे, म्हसरूळला. त्याची स्थापनाही १९९८ सालची, तुमच्या केंद्राच्याच वयाची. आमच्या खेड्यांत माणसं टिकत नाहीत, इतकी वर्षं कोण मागे लागणार, असं कोणी म्हणेल तर त्याला पुण्याचं उदाहरण पुरे आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला, आणि त्या बायकांची मुलं मोठी होईपर्यंत त्यांच्याशी नातं सोडलं नाही. जन्मतः हडकुळं दिसणारं आपलं बाळ चरबीच्या बाबतीत मात्र हडकुळं नसतं, हे जगाला तिथून कळलं. गावं टिकली, माणसं येत राहिली. पण त्या कामाला वर्षानुवर्षं आधार देणाऱ्यांत ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट पुढे होता. आपल्या लेकरांचा पंचवीस वर्षांचा हिशेब ठेवायला परक्याच्या तिजोरीकडे बघावं लागावं, हे मला फार लागतं.

आपल्याकडे संशोधनाचं अनुदान साधारण तीन वर्षांचं. पहिलं वर्ष परवानग्या आणि नेमणुकांत जातं, तिसरं अहवालात. मधल्या एका वर्षात मूल जन्मून रांगायला लागेल, फार तर. त्याच्या बुद्धीची कसोटी घ्यायला सात वर्षं लागतात आणि त्याला दुसरा उपाय नाही. म्हणून माझी मागणी पंधरा वर्षांची आहे. पाच-पाच वर्षांनी कामाची कडक तपासणी करा, चुकत असेल तर माणसं बदला. पण नमुने ठेवायच्या उणे ८० अंशांच्या फ्रीझरची वीज आणि घरोघरी जाणाऱ्या ताईंचा पगार, या दोन बाबी कोणत्याही नूतनीकरणावर टांगू नका. भारनियमनात एक रात्र फ्रीझर बंद राहिला तर काय जातं ते वर लिहिलंच आहे. आणि ताई बदलली की गावातलं दार बंद होतं.

पैसा मध्येच थांबणं तुमच्याही बाबतीत घडलं. मुलांच्या आरोग्य केंद्रांसाठीचा आपला वाटा पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१९ मध्ये थांबवला. तुम्ही इतर अनुदानांवर काम चालू ठेवलंत. पण तुमची मुलं तेव्हा ऐन विशीत येत होती. वीस वर्षांची माहिती जमल्यावर तिचं मोल सर्वांत जास्त असतं, आणि नेमका तेव्हाच हात आखडला गेला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं क्लोरपायरीफॉस बंद करायचं ठरवलं आणि २०२० अखेर शेतीतला त्याचा वापर जवळजवळ संपला. त्या निर्णयामागे तुमचे आकडे होते, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने नाळेच्या रक्तात मोजलेले आकडे होते. पहिल्या नमुन्यापासून बंदीपर्यंत वीस वर्षं. आमच्याकडे २०२० च्या मे महिन्यात २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा निघाला, त्यात क्लोरपायरीफॉस होतं. पुढे प्रत्यक्ष बंदी मोजक्याच औषधांवर आली आणि हे सुटलं. दुकानात आजही ते मिळतं.

पैसा कीटकनाशक कंपन्यांकडून घेऊ नये, यावर मी ठाम आहे. क्लोरपायरीफॉसच्या उत्पादकाच्या खर्चाने उंदरांवर झालेल्या आणि नियामकांपुढे ठेवलेल्या अभ्यासाचा कच्चा तपशील स्वीडनमधल्या संशोधकांनी मागवून घेतला आणि २०१८ साली नव्याने तपासला. कमी मात्रेतही पिल्लांच्या मेंदूवर परिणाम दिसत होता. निष्कर्षात तो उतरलेला नव्हता. ज्याचा माल तपासायचा त्याच्याच खर्चाने तपासणी झाली, तर असं होणारच.

मग कोणाकडून? कॅलिफोर्नियात कीटकनाशकांच्या विक्रीवर एक शुल्क आहे, अनेक वर्षं ते डॉलरमागे २.१ सेंट होतं, २०२४ पासून वाढवलं आहे. तिथला नियंत्रण विभाग बराचसा त्यावर चालतो. आपल्याकडे रासायनिक कीटकनाशकांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे, त्यातला निम्मा राज्याचा. म्हणजे शेतकऱ्याने शंभर रुपयांचं औषध घेतलं की नऊ रुपये मुंबईला जातात. त्या नऊ रुपयांतले दहा पैसे नाशिकच्या केंद्रासाठी कायद्याने बांधून ठेवावेत. नवा बोजा नको, शेतकरी आधीच वाकलेला आहे. आणि या पैशाचा हिशेब विद्यापीठाच्या सर्वसाधारण खात्यात मिसळू नये.

तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. तुमच्या पहिल्या पाच वर्षांच्या अर्जातलं खर्चाचं पान, अगदी पेट्रोल आणि चहापाण्यासकट. आयांना समजावून सांगून सही घेतलीत तो कागद, म्हणजे आम्ही तो मराठीत आणि पेठ-सुरगाण्याच्या कोकणा बोलीत करू. आणि निष्कर्ष हाती आल्यावर त्या बायकांना ते कोणत्या शब्दांत सांगितलेत, हे. कारण सात गुणांची गोष्ट एखाद्या आईला तिच्या मुलासमोर कशी सांगायची, ते मला सुचत नाही आणि तुम्ही ते केलं आहे.

उत्तर मला नको. ते कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, दिंडोरी रोड, म्हसरूळ, नाशिक या पत्त्यावर पाठवा. ऑक्टोबर छाटणीच्या आत आलं तर बरं. छाटणीनंतरच्या दोन-तीन महिन्यांत इथे सर्वांत जास्त फवारण्या होतात, आणि पहिल्या नोंदी त्याच दिवसांत घ्यायला हव्यात.

तुमची,
नाशिक जिल्ह्यातली एक वाचक