अ‍ॅव्हरेज किती देते?

परवा रविवारी सकाळी मी आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवा पडलो होतो. एका हातात जुना टूथब्रश, दुसऱ्या हातात व्हॅक्यूम क्लीनरची नळी आणि तोंडात टॉर्च. सीटच्या उजव्या बाजूला एक जाळी आहे, ती साफ करणं चाललं होतं. बायको चहाचा कप घेऊन बाहेर आली, जरा वेळ नुसतीच बघत राहिली आणि म्हणाली, "अगदी बाबांसारखा दिसतोयस."

यावर मला काही बोलता आलं नाही. तोंडात टॉर्च होता, हे त्याचं एक कारण.

बाबांची रविवार सकाळ म्हणजे चेतक. स्पार्क प्लग काढायचा, पॉलिश पेपरनं कार्बन घासायचा, फुंकर मारायची, परत बसवायचा. पेट्रोल भरून आले की चप्पल काढायच्या आधी कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात किलोमीटर आणि लिटर लिहायचे. दुधाचा हिशोब आईचा, पेट्रोलचा बाबांचा. सिग्नलला जास्त थांबावं लागणार असं दिसलं की स्कूटर बंद. चांदणी चौकातून कोथरूडकडे उतरताना तर इंजिन बंद करून उताराच्या जोरावर जितकं जाता येईल तितकं जायचं. (असं कुणी करू नये, हे वेगळं सांगायला नकोच.) सिग्नल हिरवा झाला की स्कूटर एका बाजूला तिरकी करायची आणि दोन-तीन किका मारायच्या. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ! कॉलेजच्या वयात मागे बसलेल्या मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्याच मी २०१० साली इथे न्यू जर्सीत हायब्रिड गाडी घेतली. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढच्या गोष्टीत चूक कंपनीची नाही, माझी आहे.

आई-बाबा २०१४ च्या उन्हाळ्यात आले. पहिल्याच सिग्नलला गाडी गप्प झाली, तसे बाबा दचकले. "बंद पडली का रे?" म्हटलं, "नाही बाबा, ती आपणहून इंजिन बंद करते. आता बॅटरीवर निघेल." बाबांचा चेहरा असा काही उजळला! "म्हणजे मी करायचो तेच की! आणि तुला लाज वाटायची."

पुढे एकदा पोकोनोजला गेलो होतो. परतताना उतारावर पडद्यावरच्या बॅटरीच्या पट्ट्या एकेक करून वर चढायला लागल्या. ब्रेकवर हलका पाय ठेवला की मोटर जनरेटरचं काम करते आणि एरवी ब्रेक तापण्यात वाया जाणारी शक्ती बॅटरीत जाते, असं मी त्यांना समजावलं. "उतारावर पैसे परत देते म्हण की," बाबा म्हणाले. मग ठरलेला प्रश्न, "अ‍ॅव्हरेज किती देते?" मी ऐटीत सांगितलं, अठ्ठेचाळीस. मैल आणि गॅलनचं त्यांनी मनातल्या मनात किलोमीटर आणि लिटर केलं (०.४२५ नं गुणायचं) आणि म्हणाले, "वीस. आपली चेतक चाळीस द्यायची."

झालं! हवाच काढून घेतली.

त्यांनी आणखी एक विचारलं होतं. "बॅटरीत पाणी कधी घालतोस?" मी हसलो. हिला पाणी घालावं लागत नाही, म्हटलं. "मग काय करायचं असतं?" मला माहीत नव्हतं. काहीच नाही, म्हणालो. बाबा म्हणाले, "काहीतरी असणारच. लक्ष दिल्याशिवाय काही टिकत नाही."

भारतात परत गेल्यावर दर रविवारच्या फोनवर तब्येत-पाणी झालं की शेवटी हा प्रश्न यायचाच. अ‍ॅव्हरेज किती देते? मी म्हणायचो, पन्नास. सुरुवातीला बघून सांगायचो, नंतर सवयीनं. कोण बघतंय!

२०२२ च्या नोव्हेंबरात बाबांना स्ट्रोक आला. मी मिळेल त्या विमानानं पुण्याला गेलो आणि दहा आठवडे तिथेच राहिलो. बाबा त्यातून उठले नाहीत.

नंतर एका दुपारी आईनं भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढायला सांगितलं. वर्ष संपलं होतं. सहज पानं उलटली. स्कूटर विकून कितीतरी वर्षं झाली होती, तरी दर रविवारच्या चौकोनात बाबांच्या बारीक अक्षरात एक आकडा होता. ५०. पुढच्या रविवारी ५०. त्याच्या पुढच्या रविवारी ५०. माझ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज. मी न बघता सांगितलेलं.

असो.

जानेवारीत परत आलो तर थंडीत उभी असलेली गाडी ठार. आपल्याला वाटतं हायब्रिडमध्ये एवढी मोठी बॅटरी आहे, मग काय काळजी? पण हिच्यात दोन बॅटऱ्या असतात. मोठी गाडी ओढते आणि दुसरी, साधी १२ व्होल्टची, कॉम्प्युटर जागा करते. ही छोटी उतरली तर मोठी भरलेली असूनही उपयोग शून्य. ती छोटी मागच्या डिकीत, आणि डिकी उघडते विजेवर! शेवटी पुढच्या बॉनेटखाली फ्यूजच्या डब्यात जम्प द्यायची जागा असते, तिथून शेजाऱ्यानं चालू करून दिली. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर कुणाला तरी मधूनमधून अर्धा तास चालवायला सांगावी, एवढं तेव्हा कळलं.

खरा दणका बसला जुलै २०२३ मध्ये. पडद्यावर लाल त्रिकोण. एका गॅरेजमध्ये सांगितलं, मोठी बॅटरी गेली, गाडी भंगारात काढा. मन होईना. म्हणून दुसऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेली. त्यानं मागच्या सीटच्या कडेचं आवरण काढून पंखा हातात दिला. त्याच्यावर राखाडी नमद्यासारखा थर! कुत्र्याचे केस, धूळ आणि सुताचे तंतू. आईनं पाठवलेली गोधडी कित्येक वर्षं त्या सीटवर पसरलेली होती. जाळी तिच्याखाली कायमची झाकलेली.

बॅटरीचा पंखा या जाळीतून गाडीतली हवा ओढतो आणि बॅटरी थंड ठेवतो. हवा बंद झाली की बॅटरी तापते, आणि उष्णता हा तिचा मोठा शत्रू. आमच्या गाडीत २८ छोटे संच एकामागोमाग एक जोडलेले आहेत, मिळून सुमारे २०० व्होल्ट. (नारिंगी वायरींना हात लावायचा नाही, ते घरगुती काम नव्हे.) साखळीतला एक संच अशक्त झाला की सगळी साखळी त्याच्या चालीनं चालते. गाडीचा कॉम्प्युटर ती कधी काठोकाठ भरू देत नाही आणि कधी तळाशी जाऊ देत नाही, साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मध्ये राखतो. म्हणजे काळजी घेणारं कुणीतरी आत होतंच. माझ्याकडे फक्त ती जाळी मोकळी ठेवण्याचं काम होतं.

मेकॅनिक म्हणाला, तेरा वर्षांची बॅटरी, कधीतरी जायचीच होती. तुम्ही तिला जरा लवकर पाठवलीत.

घरी येऊन ड्रॉवरमधल्या पेट्रोलच्या जुन्या पावत्या काढल्या. बहुतेकांवर मैल लिहिलेले होते, ती एक सवय बाबांची लागलेली. बसून हिशोब केला. ४८, ४७, ४५, ४४, ४१. दोन वर्षं अ‍ॅव्हरेज उतरत होतं. बॅटरी थकली की इंजिनला जास्त राबावं लागतं, त्याचं हे सरळ चिन्ह. मी फोनवर खरा आकडा सांगितला असता, तर बाबांनी पुण्यात बसून ओळखलं असतं. "बघ रे, काहीतरी बिघडलंय," म्हणाले असते. पण मी सांगत होतो पन्नास.

बॅटरी नवीन घातली. त्या पैशात दुसरी जुनी गाडी आली असती, हे सगळ्यांनी सांगून झालंय. तेव्हापासून महिन्यातून एकदा जाळी साफ करतो. गोधडी घरात आली. उन्हात तापलेल्या गाडीत आधी काचा उघडून गरम हवा घालवतो, मग एसी, कारण आपण जी हवा घेतो तीच बॅटरी घेते. चाकांतली हवा महिन्याला तपासतो. लांबचा सिग्नल लाल दिसला की पाय आधीच काढतो, म्हणजे ब्रेक हळू लागतो आणि जास्त शक्ती परत बॅटरीत जाते. करकचून दाबला की ती ब्रेक तापवण्यात जाते. वाणसामान, लायब्ररी, पोस्ट एकाच फेरीत उरकतो. थंड इंजिनच्या छोट्या फेऱ्या अ‍ॅव्हरेज खातात आणि हिवाळ्यात तर हीटरसाठीच इंजिन चालू राहतं. पडद्यावरच्या आकड्यावर विसंबत नाही, आमचा पडदा दोनेक मैल वाढवूनच सांगतो. टाकी भरायची, मैल भागिले गॅलन, चेतकसारखं.

इथल्या इंडियन दुकानात कालनिर्णय मिळतं. परवा जाळी साफ करून झाल्यावर पेट्रोल भरून आलो, भागाकार केला आणि रविवारच्या चौकोनात लिहिलं, ४६.४.

रात्री आईचा फोन आला. गुडघे, कामवाली, शेजारच्यांच्या मुलीचं लग्न, सगळं झालं. मग जरा थांबून तिनं विचारलं, "गाडी किती देते रे आता?"

म्हटलं, "थांब हं, बघून सांगतो."