मुलींच्या वहीला घरात जागा द्या

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात दर रविवारी दुपारी तीन ते पाच मुली बसतात. पाचवीपासून बारावीपर्यंतच्या. कधी बारा येतात, कधी वीस. आम्ही महिला मंडळाच्या चौघीजणी त्यांच्यासोबत असतो. आमच्यापैकी दोघी घरकाम करतात, एक भाजी विकते, एक शाळेत शिपाई होती ती आता निवृत्त झाली. आमच्यात बारावीपर्यंत शिकलेली एकच. तेव्हा आम्ही मुलींना शिकवतो असे कुणी समजू नये. आम्ही दार उघडतो, सतरंजी अंथरतो आणि ऐकतो.

मुलींचे काम एका दोनशे पानी वहीत चालते. वहीचे भाग तीन : वारसा, विज्ञान आणि कविता. प्रत्येकीने आठवड्यातून काहीतरी एक आणायचे. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली हकिकत, स्वतःला पडलेला प्रश्न, नाहीतर स्वतः केलेली कविता. उभे राहून वाचायचे. बाकीच्यांनी विचारायचे ते विचारायचे, पण हसायचे नाही. मग जिचे अक्षर चांगले ती ते वहीत उतरवते. चार वर्षांत अशा सहा वह्या भरल्या.

वस्तीतले लोक आम्हाला विचारतात, "याने मार्क वाढतात का?" काहीजणी म्हणतात, "रविवारी पोरगी घरात हवी. आठवड्याची धुणी असतात, पाहुणे असतात." त्यांचे बोलणे आम्ही खोटे म्हणत नाही. आमच्याही घरी धुणी असतात. पण या वह्यांमध्ये काय आहे ते एकदा सर्वांसमोर मांडावे म्हणून हा लेख.

पहिला भाग वारशाचा. वारसा म्हटले की मुलींना सुरुवातीला वाटायचे की पुस्तकातून उतरवून आणायचे. आम्ही म्हटले, आधी आजीला विचारा. सातवीतल्या एका मुलीने आजीला विचारले, "तू मुंबईला कशी आलीस?" आजी मराठवाड्यातली. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेली, हाताला फोड आले, आणि पुढच्या वर्षी नवऱ्यामागे मुंबईत आली. दीड पान भरले. वाचताना ती मुलगी थांबली आणि म्हणाली, "मावशी, आजी एवढं कधी कुणाशी बोललीच नव्हती. मी लिहितेय म्हटल्यावर बोलली."

दुसऱ्या एका आजीने जात्यावरच्या ओव्या सांगितल्या. बाबासाहेबांवर आपल्या आयाबायांनी जात्यावर किती ओव्या रचल्या, त्याची गणती नाही. रचणाऱ्या बहुतेकजणींना अक्षर येत नव्हते. जाती गेली, पिठाची गिरणी आली, आणि ओव्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात राहिल्या. ती माणसे गेली की त्याही जातील. म्हणून मुली त्या उतरवून घेत आहेत.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मुलींना कान्हेरीची लेणी दाखवायला नेले. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात डोंगरावर शंभराहून अधिक लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत भिक्षुणी आणि उपासिकाही आहेत. पण आमच्या मुली खिळल्या त्या पाण्याच्या टाक्यांपाशी. लेण्यांच्या बाजूला कातळात टाक्या खोदल्या आहेत आणि पावसाचे पाणी त्यांत उतरावे म्हणून दगडात पन्हळी कोरल्या आहेत. शिलालेखात या टाकीला 'पोढी' म्हटले आहे. विहार कोरून देणे हे जसे दान, तशी पोढी खोदून देणे हेही दान.

आमच्या मुली पहाटे साडेतीनला उठून पाणी भरणाऱ्या. नववीतल्या एकीने तिथेच हिशेब मांडला. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल टाकी म्हणजे 1000 लिटर पाणी. आपला हंडा 15 लिटरचा. म्हणजे सहासष्ट हंडे भरून थोडे उरेलच. मग ओढणीने टाकीचे तोंड मोजणे सुरू झाले. डोंगरमाथ्यावर राहणाऱ्या भिक्खूंना उन्हाळाभर पाणी कसे पुरत असेल, झाकल्या दगडात पाणी कमी का आटते, यावर परतीच्या गाडीत दादरपर्यंत वाद चालला. वारशाचे पान विज्ञानाच्या भागात गेले.

विज्ञानाचा भाग म्हणजे पोरींना पडलेले प्रश्न. कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते? (आत वाफ कोंडते, दाब वाढतो, आणि पाणी 100 अंशांऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळते.) मे महिन्याच्या मध्यावर मुंबईत एके दिवशी भरदुपारी सावली पायाखाली का नाहीशी होते? त्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मुलींनी विहाराच्या अंगणात बाटली उभी करून ते स्वतः पाहिले. उत्तर शोधायला त्या शाळेच्या बाईंना विचारतात, पुस्तक बघतात, मोबाईलवर बघतात. पण उत्तर आपल्या शब्दांत सांगता आले पाहिजे, नाहीतर ते वहीत जात नाही.

एका प्रश्नाची हकिकत मात्र सविस्तर सांगितली पाहिजे.

दहावीतल्या एका मुलीचे वडील ड्रेनेजच्या कामावर एका ठेकेदाराकडे रोजाने जात. वर्तमानपत्रात बातमी आली की चेंबरमध्ये उतरलेल्या कामगाराला गॅस लागला, त्याला वाचवायला दुसरा उतरला आणि दोघेही गेले. मुलीने प्रश्न आणला, "पहिल्याला कळलं नाही, पण दुसऱ्याला तर माहीत होतं. मग तो का गेला?" आम्ही चौघी गप्प झालो. आमच्याकडे उत्तर नव्हते. तिने तीन आठवडे घालवून ते शोधले.

तिच्या पानावर आहे ते असे. बंद गटारात आणि सेप्टिक टाकीत मैला कुजतो, त्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू तयार होतात. आत ऑक्सिजनही कमी पडतो. मिथेन पेट घेतो, म्हणून कंदील किंवा काडी आत सोडून बघणे धोक्याचे. हायड्रोजन सल्फाइडला नासक्या अंड्यासारखा वास असतो. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. तो फार झाला तर नाकाची वास घेण्याची शक्तीच बंद पडते आणि माणूस काही श्वासांत कोसळतो. दुसरा माणूस मदतीला उतरतो तो त्याच हवेत उतरतो. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे.

हे तिने विहारात वाचले आणि घरी वडिलांनाही वाचून दाखवले. वडील म्हणाले, "वास येत नसला की आम्ही उतरतो. वास गेला म्हणजे गॅस गेला." मुलगी म्हणाली, "पप्पा, वास गेला म्हणजे कधी कधी नाक गेलेलं असतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेकेदाराकडे हवा मारायचा ब्लोअर, पट्टा आणि दोर मागितला. ठेकेदार म्हणाला, "तुला जमत नसेल तर येऊ नको." दोन आठवडे काम बंद. मुलीची आई चार घरी जेवण करते, त्यावर घर चालले. या दिवसांत मुलीच्या पानाची झेरॉक्स कामगारांमध्ये हातोहात फिरली. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना दुसऱ्यांनी वाचून दाखवली. मग पाचजण मिळून गेले. पट्टा आणि दोर मिळाला. ब्लोअर अजून मिळालेला नाही. ते पाचजण आत उतरत नाहीत, वरची कामे करतात, आणि त्यांना रोज कमी मिळतो. एवढेच झाले आहे, याहून जास्त झाले असे आम्ही सांगणार नाही. पण ते पाचजण संध्याकाळी आपापल्या घरी येतात.

कवितेच्या भागाला घरचे लोक सर्वांत जास्त नावे ठेवतात. कविता करून काय पोट भरते? त्यावर आम्ही मुलींना पुण्णिकेची गोष्ट सांगतो. थेरीगाथा म्हणजे भगवान बुद्धांच्या भिक्षुणीसंघातल्या थेरींची काव्ये. त्यात लहानमोठी 73 काव्ये आहेत. त्यांतली एक पुण्णिका. श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाच्या घरची ती दासी, असे परंपरा सांगते. मालकिणीच्या धाकाने कडाक्याच्या थंडीतही ती पाण्यात उतरून पाणी भरायची. नदीवर एक ब्राह्मण पापे धुण्यासाठी कुडकुडत स्नान करताना तिला दिसला. तिने त्याला विचारले की पाण्याने पाप धुतले जात असेल तर जन्मभर पाण्यात राहणारे बेडूक, कासव, मासे हे सगळे स्वर्गाला जाणार का? आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही नेईल, मग तुमच्याकडे उरेल काय? ब्राह्मण निरुत्तर झाला आणि बुद्धाला शरण गेला.

ही गोष्ट ऐकून सहावीतली एक मुलगी म्हणाली, "मावशी, हे तर विज्ञानाच्या भागात पण चालेल." ती खरे बोलली. पुण्णिकेने पाहिले, प्रश्न केला, आणि तो गाथेत सांगितला. पाणी भरणाऱ्या दासीचे म्हणणे आज आपल्यापर्यंत आले, कारण कुणीतरी ते ऐकले, पाठ केले आणि पुढे दिले.

आमच्याच एका पाणी भरणाऱ्या मुलीने लिहिले आहे की आमच्या घरात सकाळ नळाला विचारून होते, घड्याळाला विचारून होत नाही. तिच्या आईने हे ऐकले तेव्हा ती आधी हसली आणि मग म्हणाली, "ही माझीच गोष्ट आहे, हिला कशी कळली?"

आपल्याला हा वारसा नवा नाही. सावित्रीबाई फुल्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह 1854 साली छापला गेला. पुढच्याच वर्षी, 1855 साली, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत आला. वेदांवर आमचा अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा सवाल त्या शाळकरी मुलीने केला. तिचा तेवढा एकच निबंध आपल्या हाती आहे. तो कुणी छापला नसता तर तिचे नावही आपल्याला ठाऊक झाले नसते. पुढे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना घरोघर जाऊन बोलते केले, तेव्हा 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झाले. नाहीतर त्या बायांनी केलेले काम त्यांच्याबरोबरच गेले असते.

20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की समाजाची प्रगती ते त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. हे वाक्य आपण जयंतीला फलकावर लिहितो. दहावीनंतर मुलीचे काय करायचे हा प्रश्न घरात येतो, त्या दिवशी ते आठवायला हवे.

गॅसवर लिहिणाऱ्या त्या मुलीला दहावीनंतर सायन्स घ्यायचे होते. घरात मिळकत कमी झालेली. आत्या म्हणाली, "सायन्सला क्लास लागतो, पैसा कुठून आणणार? आर्ट्सला घाला, दोन वर्षांत लग्नाचं बघू." वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिनं वाचून दाखवलं ते मला समजलं. मला समजलं म्हणजे तिला नक्कीच समजलंय. तिला सायन्सलाच घालू."

1990 साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती लागू झाल्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज आपली मुले भरू शकतात. त्यासाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. मुलीच्या आईने तीन खाडे करून ते मिळवले. मुलगी आता अकरावीत आहे. गणित जड जाते असे म्हणते. बारावीतली दुसरी मुलगी रविवारी पाच वाजल्यानंतर तिच्यासोबत अर्धा तास बसते.

भगिनींनो, या कामाला मोठा खर्च नाही. एक दोनशे पानी वही, दोन पेन आणि विहाराची किल्ली. अवघड आहे ते आपल्या घरातले दोन तास मुलीला मोकळे करून देणे. रविवारची धुणी शनिवारी रात्री भिजत घाला. भावाला एक बादली उचलू द्या, त्याचे हात झिजणार नाहीत. मुलगी वाचायला लागली की हातातले काम ठेवून पाच मिनिटे ऐका. समजले नाही तर तिलाच विचारा. सांगताना तिचेही पक्के होते. आणि भरलेली वही रद्दीत घालू नका. पत्र्याच्या पेटीत रेशनकार्ड आणि दाखले ठेवता, तिथेच ती ठेवा.

आमची सातवी वही या महिन्यात सुरू झाली. पहिल्या पानावर पाचवीतल्या एका मुलीचा प्रश्न आहे. पाण्याचा हंडा रिकामा असताना वाजतो आणि भरत आला की आवाज बदलतो, तो का? उत्तर अजून लिहिलेले नाही. त्यासाठी अर्धे पान कोरे सोडले आहे.