जीवाणी

घाटकोपर पूर्वेच्या एका इमारतीत सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या आजींचा दिवस पाणी गाळण्याने सुरू होतो. पांढरे जाड सुती फडके दुहेरी करायचे, पितळी घागरीच्या तोंडावर सैलसर अंथरायचे आणि नळाचे पाणी सावकाश त्यातून सोडायचे. वयाची अठ्ठ्याहत्तरी उलटली, हात थोडे थरथरतात. पण हे काम त्यांनी सुनेवर कधी सोपवले नाही. गाळलेले पाणी एक मुहूर्त, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. उकळलेले आठ प्रहर. ही मर्यादा त्यांना घड्याळ न पाहता समजते.

आजींचे माहेर सांगली जिल्ह्यातले, वारणेकाठचे. तेथे पाणी वाड्यातल्या आडाचे होते आणि गाळण्याचा विधी फडक्याशी संपत नसे. फडके उलटे करून त्यावर गाळलेलेच पाणी ओतायचे, म्हणजे त्यावर राहिलेले सूक्ष्म जीव खालच्या भांड्यात उतरतात. ती जीवाणी. ती मोरीत ओतायची नाही. ज्या आडाचे पाणी, त्याच आडात ती परत पोचवायची. तीही वरून फेकायची नाही. त्यासाठी बुडाला कडी असलेली निराळी लहान बादली असे. ती दोराने अलगद पाण्यापर्यंत सोडायची आणि पाण्याला टेकल्यावरच कलती करायची. आजींच्या आईने त्यांना सहाव्या वर्षी हे शिकवले होते. लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि एक प्रश्न त्यांच्या मनात कायमचा राहिला. आड नाही, विहीर नाही, नळाचे पाणी नेमके कोठून येते हेही ठाऊक नाही. मग जीवाणी सोडायची कोठे? इमारतीच्या आवारात एक जुनी विहीर होती, तिच्यावर पुढे झाकण बसले. तेव्हापासून आजी ती जीवाणी तुळशीच्या कुंडीशेजारच्या एका पसरट भांड्यात ठेवीत आणि मनातल्या मनात क्षमा मागत.

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात त्यांच्याकडे भांडी घासायला येणारी बाई चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली ती ओढलेल्या चेहऱ्याने. तिच्या पाचवीत शिकणाऱ्या मुलीला कावीळ झाली होती. घाटकोपर पश्चिमेच्या टेकडीवर तिचे घर. पाणी रात्री दोनला येते, तेही अर्धा तास. नळ स्वतःचा नाही. खालच्या गल्लीतल्या एकाच्या नळाला जोडलेली रबरी नळी गटाराच्या कडेने वर येते, आणि त्याचे महिन्याचे पैसे मोजावे लागतात. सुरुवातीच्या दोन हंड्यांना वास येतो, ते ओतून द्यायचे आणि मग भरायला घ्यायचे.

"अगं, मग उकळून का देत नाहीस लेकरांना?" आजींनी विचारले.

"उकळते की आजी, जमेल तेव्हा. पण सिलिंडर पुरवू कुठून? पाणी उकळलं तर भाकरी कशावर भाजू?"

आजी काही बोलल्या नाहीत. त्याच वेळी गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली होती आणि खिडकीबाहेर पाण्याची धार आवारातल्या फरशीवर पडत होती. तो आवाज त्या घराने वर्षानुवर्षे ऐकला होता. त्या दिवशी आजींनी सुनेला रखवालदाराकडे पाठवून पंप बंद करायला लावला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातले कोरे मांजरपाट काढले, आठ फडकी बेतली आणि त्या बाईला व तिच्या शेजारणींना दिली. आजींची श्रद्धा त्यामागे होती आणि ती श्रद्धा अगदीच निराधार नव्हती. रीटा कॉलवेल या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी बांगलादेशातील मतलब परिसरात ६५ गावांमध्ये एक प्रयोग केला होता. गावातल्या बायकांनी जुनी सुती साडी अनेक पदरी करून तळ्याचे पाणी तिच्यातून गाळायचे, एवढाच तो प्रयोग. पटकीचे जंतू पाण्यातल्या अतिसूक्ष्म कवचधारी जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडावर अडकतात. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा अशा गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. नारूची कथाही अशीच. एके काळी आपल्याकडच्या कित्येक गावांना छळणारा हा रोग पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या जीवामार्फत पसरे. पाणी कापडाने गाळणे आणि पायऱ्यांच्या विहिरींऐवजी सुरक्षित पाण्याची सोय करणे, हे त्याच्याविरुद्धच्या लढ्याचे मुख्य उपाय होते. १९९६ नंतर भारतात नारूचा रुग्ण आढळला नाही आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला.

परंतु आजींच्या घराण्याशी अनेक वर्षांचा संबंध असलेल्या डॉक्टरांनी त्यांना दुसरी बाजूही सांगितली. काविळीचा विषाणू इतका लहान असतो की कोणत्याही फडक्याच्या विणीतून तो सहज पार होतो. फडक्याने गाळ जाईल, मोठे जीव अडतील. पण काविळीला अटकाव करायचा तर पाणी खळखळून उकळायला हवे, किंवा क्लोरिनची गोळी टाकून अर्धा तास थांबायला हवे. नंतर ते पाणी झाकलेल्या, तोटीच्या भांड्यात ठेवायला हवे. तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे हवे. कारण स्वच्छ केलेले पाणी पिंपात बुडवलेल्या हातानेच पुन्हा बिघडते. आजींनी ते लक्षपूर्वक ऐकले. फडक्यांबरोबर आठ ओगराळी गेली, क्लोरिनच्या गोळ्या गेल्या. गोळीच्या पाण्याला वास येतो म्हणून मुले तोंड वाकडे करतात, असे बाईने हसत सांगितले. पण पिंपाला झाकण पडले आणि हात बुडवणे थांबले.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आले. दरवर्षी आजींच्या नावाने मंदिरात अभिषेकाची बोली घेतली जाई. या वर्षी त्यांनी मुलाला जवळ बसवून सांगितले, "बोली यंदा दुसऱ्या कुणाला घेऊ दे. ते पैसे त्या टेकडीवरच्या पाण्याला लाव." मुलाने लगेच पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चौकशी सुरू केली. यंत्राचे चित्र बाईला दाखवले तेव्हा ती संकोचली. मग धीर करून म्हणाली, "दादा, मशीनमध्ये घालायला आधी पाणी तर यायला पाहिजे. मशीन नको. आमचा नळ होईल तेवढं बघा."

तिच्या या वाक्यात मुंबईच्या पाण्याची अर्धी कहाणी सामावलेली आहे. या शहराला नळाचे पाणी प्रथम १८६० साली मिळाले ते विहार तलावातून. १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. हे दोन्ही तलाव आज बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात, उपनगरांच्या अगदी शेजारी आहेत. १८९२ मध्ये तानसाचे पाणी आले, पुढे वैतरणा आणि भातसा यांचे. आज रोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरहून अधिक पाणी शहरात येते. त्यातले पुष्कळसे भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध होते आणि मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या परिसरातून जाड जलवाहिन्यांनी पुढे जाते. त्या जलवाहिन्यांच्या आसपास राहणाऱ्या कित्येकांच्या घरात मात्र नळ नाही. ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत, तेथील पाड्यांवरही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. शुद्ध केंद्रातून निघालेले पाणी वाटेतच बिघडते, याचे कारणही साधे आहे. पुरवठा थोडाच वेळ असतो. उरलेला काळ नळी रिकामी राहते आणि तिच्या फटींतून भोवतालचे गटाराचे पाणी आत ओढले जाते. पहिल्या दोन हंड्यांचा वास तो हाच.

झोपडी अमुक तारखेनंतरची असेल तर तिला नळ नाही, असे अनेक वर्षे चालले. पाणी हक्क समिती या संघटनेने याविरुद्ध जनहित याचिका केली आणि १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की पाणी हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. घर अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. घर अधिकृत ठरत नाही, पण तहान अधिकृत ठरते, एवढा स्पष्ट भेद त्या निकालाने केला. पुढे मे २०२२ पासून महापालिकेचे 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण लागू झाले. काही कुटुंबांनी मिळून अर्ज करावा आणि सामायिक जोडणी घ्यावी, असा मार्ग आहे. मात्र ज्याला त्याची गरज आहे त्याला अर्जाची भाषा उमगत नाही, आणि ज्याला भाषा उमगते त्याच्या घरी चोवीस तास पाणी असते.

आजींचा मुलगा सनदी लेखापाल. कागद हा त्याचा रोजचा व्यवहार. त्याने चार रविवार टेकडीवर घालवले. आठ कुटुंबांची ओळखपत्रे, रहिवासाचे पुरावे, हमीपत्रे, गटाच्या प्रमुखाची निवड, परवानाधारक नळ कारागिराचा नकाशा; एकेक कागद जमा झाला. एका कुटुंबाच्या कागदावर नावाचे स्पेलिंग वेगळे निघाले आणि सारा अर्ज अडला. कार्यालयातल्या फेऱ्या झाल्या. खालच्या गल्लीत पाणी विकणाऱ्याने कुरकुर केली. पैसे फार लागले नाहीत. लागला तो वेळ. तो देणे बोलीच्या रकमेपेक्षा जड गेले, असे मुलाने आईजवळ कबूल केले.

मुंबईतल्या जैन व्यापाऱ्यांना पाण्याचे हे दान नवे नाही. कच्छहून आलेल्या शेठ केशवजी नायक यांनी बांधलेली पाणपोई मशीद बंदरच्या भातबाजारात १८७६ पासून उभी आहे. त्या काळच्या पाणपोयांमध्ये माणसांसाठी तोटी असे, गुराढोरांसाठी खाली कुंडी असे आणि पाखरांसाठीही सोय असे. हमाल, गाडीवान, बैल, चिमणी, कोणालाही विचारणा नव्हती. आगमांत पुण्याचे नऊ प्रकार सांगितले आहेत आणि अन्नपुण्याच्या लगोलग पाणपुण्य येते. तहान कोणाची, याची चौकशी त्यात नाही. फरक इतकाच, की तेव्हा पाणपोई दगडाची बांधावी लागे. आज ती कधी अर्जाच्या कागदांनी बांधावी लागते.

वर्ष उलटले. पुढच्या भाद्रपदाच्या तोंडावर टेकडीवर नळ आला. पाणी अजूनही मोजकेच येते, चढावर दाब कमी पडतो आणि हंडे पाळीपाळीने भरावे लागतात. पण ते पहाटे साडेपाचला येते, नळी गटारापासून दूर, भिंतीच्या उंचीवरून नेलेली आहे, आणि पहिल्या हंड्याला वास येत नाही. आता रात्री दोनला कोणी उठत नाही. मुलीची शाळा त्या पावसाळ्यात बुडली नाही.

अनंत चतुर्दशीला आजींचा निर्जळ उपवास होता. बाहेर विसर्जनाच्या मिरवणुकांचे ढोल रात्रभर वाजत होते. सकाळी पारण्याची तयारी चालू असताना बाई आली, ती हातात झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन. दाराशीच थबकून म्हणाली, "आजी, आमच्या नळाचं पाणी आहे. तुम्ही दिलेल्या फडक्यानं गाळलंय, उकळलंय. तुम्हाला चालतंय का माहीत नाही. नाहीतर तुळशीला घाला."

सुनेने आजींकडे पाहिले. आजींचे सोवळे घरात सर्वांना माहीत होते. बाहेरचे पाणी त्यांनी आयुष्यात घेतले नव्हते. आजींनी डबा दोन्ही हातांनी घेतला. आपले दुहेरी फडके पेल्यावर अंथरून ते पाणी पुन्हा एकदा गाळले आणि णमोकार मंत्र म्हणून त्याच पाण्याने पारणे केले.

मग त्यांनी फडके उलटे करून नेहमीप्रमाणे जीवाणी काढली. क्षणभर ते भांडे त्यांच्या हातात तसेच राहिले. ज्याचे पाणी त्याला परत, हे आईने शिकवले होते. आणि साठ वर्षे या शहरात त्यांना परत कोठे द्यायचे ते ठिकाण सापडले नव्हते. त्यांनी ते भांडे नेहमीच्या जागी, तुळशीच्या कुंडीशेजारी ठेवले आणि बाईला म्हणाल्या, "बैस जरा. आज तूही इथेच खाऊन जा. आणि तुमच्या शेजारच्या गल्लीत अजून किती घरांना नळ नाही, ते मला सांग."