गिरणी, पलटण आणि कॅसेट

सातारा-सांगलीकडून येऊन लालबाग-परळच्या चाळींत वसलेल्या घरांना पोटापाण्याच्या दोन वाटा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होत्या. एक गिरणीची, दुसरी पलटणीची. आमच्याही घरात तेच. वडील साचेवाले, धाकटे काका फौजेत. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार कामावरून उतरले आणि त्याच दिवसांत आम्ही भावंडं जाणती झालो. पुढे १९८७ मध्ये काका शांतिसेनेबरोबर श्रीलंकेला गेले. रॉक आमच्या खोलीत आलं ते या दोन घटनांच्या मधल्या काळात.

दादाच्या कॉलेजातल्या मित्रांकडे परदेशी रेकॉर्डी असत. त्यांच्याकडून तो कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून आणी. शब्द पकडण्यासाठी टेप पुन्हा पुन्हा मागे घ्यायचा, ताईनं ते वहीत उतरवायचे, शब्दकोश उघडायचा आणि रात्री जेवणं आटोपली की अर्थ सगळ्यांना सांगायचा, असा शिरस्ताच पडला होता. आई भांडी आवरता आवरता ऐके. वडील काही बोलत नसत, पण उठूनही जात नसत.

‘ब्लॅक सबाथ’ या इंग्लिश बँडची मंडळी बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातली, कामगारवस्तीत वाढलेली. गिटार वाजवणारा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वयाच्या सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्याच दिवशी, यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. प्लॅस्टिक वितळवून त्यानं बोटांना टोपणं बनवली आणि पुन्हा गिटार हाती घेतली. दादानं हे सांगितलं तेव्हा वडिलांनी पहिला प्रश्न केला, “भरपाई दिली का त्याला?” साच्यांवर आयुष्य काढलेल्या माणसाला दुसरा कुठला प्रश्न सुचणार! याच मंडळींचं १९७० चं ‘वॉर पिग्ज’ युद्ध पुकारणाऱ्या पुढाऱ्यांना आणि सेनापतींना थेट आरोपी करतं. पुकारणारे मागे राहतात आणि गरिबांची पोरं पुढे जातात, हे त्या गाण्याचं म्हणणं. काकांचं पत्र यायला उशीर झाला की आई तेच म्हणायची.

‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’ या अमेरिकी बँडचं ‘फॉर्च्युनेट सन’ १९६९ चं. अमेरिकेत तेव्हा व्हिएतनामसाठी सक्तीची लष्करभरती चालू होती. कॉलेजात नाव असलं तर भरती पुढे ढकलता येई, कारखान्यातल्या पोराला ती सोय नव्हती. डिसेंबर १९६८ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नातवाचं निक्सन यांच्या मुलीशी लग्न झालं. त्या जोडीकडे पाहून बँडचा गायक जॉन फोगर्टी याला हे गाणं सुचलं. तो स्वतः लष्कराच्या राखीव दलात राहिलेला होता, त्यामुळे त्याचा राग सैनिकावर नाही. मोठ्या बापाच्या पोरांना मिळणाऱ्या सवलतीवर आहे.

ब्रूस स्प्रिंगस्टीनवर मात्र घरातल्या सगळ्यांचाच जीव. त्याचं गाव न्यू जर्सीतलं फ्रीहोल्ड. तिथली गालिच्यांची गिरणी बंद पडली, तेही त्यानं गाण्यात आणलं. १९८४ चं ‘बॉर्न इन द यूएसए’ ही व्हिएतनामहून परतलेल्या आणि कुणी कामावर न घेतलेल्या सैनिकाची कहाणी. धृपद ललकारीसारखं आहे, म्हणून कित्येकांनी त्याला देशाभिमानाचं गाणं मानलं. त्याच वर्षी सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी न्यू जर्सीतल्या प्रचारसभेत स्प्रिंगस्टीनचं नाव घेऊन त्याच्या गाण्यांतल्या आशेचे गोडवे गायले. कडवी ऐकणाऱ्याला तिथे दिसतो तो देशाला जाब विचारणारा माणूस. १९८८ मध्ये ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या कार्यक्रमासाठी स्प्रिंगस्टीन दिल्लीत गायला. दिल्लीला जाण्याची ऐपत नव्हती. ताईनं बातमीचं कात्रण वहीत चिकटवलं.

संपानंतर वडिलांना गिरणीनं परत घेतलं नाही. काका लंकेहून सुखरूप आले, पण पलटण सुटल्यावर वर्षानुवर्षं काम शोधत राहिले आणि शेवटी एका सोसायटीत वॉचमन झाले. वडिलांनी तरुणपणी कामगार मैदानात शाहीर अमर शेख ऐकलेले. स्प्रिंगस्टीनचा अर्थ कळल्यावर ते म्हणाले होते, “हा त्यांचा शाहीर.” यापेक्षा नेमकी समीक्षा आम्ही पुढे कुठे वाचली नाही.

या गाण्यांनी आम्हाला एक गोष्ट कायमची शिकवली. यंत्रावर उभा राहणारा आणि सीमेवर उभा राहणारा बहुधा एकाच घरातला असतो, आणि दोघांबद्दलचे निर्णय भलत्याच घरात होतात. ॲस्टन असो, फ्रीहोल्ड असो की लालबाग. आज ही गाणी प्रत्येकाच्या मोबाइलवर आहेत आणि शब्दही सोबत मिळतात. टीव्हीवर युद्धाच्या आरोळ्या सुरू झाल्या की आपल्या मुलांना ती ऐकवा. धृपदावर थांबू नका, कडव्यांसकट ऐकवा.