एक पूर्ण फेरी

तांदळाच्या दाण्याहून लहान, काळाभोर, चकचकीत स्फटिक. त्याला केसाहून बारीक सोन्याच्या तारा जोडायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली चांदीच्या लेपाचा ठिपका टेकवताना आजही माझा श्वास आपोआप थांबतो. मग तारांच्या जोड्या एकमेकींभोवती घट्ट पिळायच्या. तुलूजच्या प्रयोगशाळेत चुंबकीय क्षेत्र अर्ध्या सेकंदाच्या आत ६० टेस्लापर्यंत चढून उतरतं (दवाखान्यातल्या एमआरआयचं असतं दीड किंवा तीन). तारांमध्ये कुठे मोकळा फास राहिला, तर त्यातच व्होल्टेज उभं राहतं आणि नमुन्याचं म्हणणं बुडून जातं. एकदा माझ्या हातून असा फास राहिला. आलेखात लाटा दिसल्या, मी हरखलो. त्या तारेच्या थरथरीच्या होत्या. पुढच्या शॉटसाठी द्रव नायट्रोजनमध्ये चुंबक गार व्हायला तासाहून जास्त वेळ लागला. त्या वेळात मी सगळ्या तारा काढून पुन्हा पिळल्या.

यिट्रियम-बेरियम-तांब्याचं हे ऑक्साइड ९३ केल्विनपर्यंत अतिसंवाहक राहतं, हे १९८७ पासून माहीत आहे. पण ती अवस्था आली की खालचे साधे इलेक्ट्रॉन झाकले जातात. प्रबळ क्षेत्र अतिसंवाहकता दडपतं आणि इलेक्ट्रॉनला गोल फिरायला लावतं. कशालाही न धडकता त्याची फेरी पुरी झाली, तरच रोधात लाट उमटते. म्हणून चुंबकाइतकंच श्रेय स्फटिक वाढवणाऱ्याचं. २००७ साली इथे या लाटा पहिल्यांदा दिसल्या, त्या व्हँकूव्हरला वाढवलेल्या अतिशुद्ध स्फटिकांत, ऑक्सिजन मुद्दाम कमी ठेवलेल्या.

लाटांमधलं अंतर क्षेत्राच्या व्यस्तात मोजायचं, त्यावरून फेरीचं क्षेत्रफळ निघतं. ते निघालं इलेक्ट्रॉनच्या संवेगाच्या एकूण जागेच्या जेमतेम २ टक्के. पुढच्याच वर्षी, भरपूर होल (म्हणजे इलेक्ट्रॉनची उणीव) असलेल्या थॅलियमच्या संयुगात ते सुमारे ६५ टक्के भरलं. मग यिट्रियमच्या संयुगात बाकीची जागा गेली कुठे? मला त्याहून विलक्षण वाटतं ते हॉल परिणामाचं, म्हणजे क्षेत्रात प्रवाहाला आडव्या उठणाऱ्या व्होल्टेजचं, चिन्ह. या पदार्थात आपण ऑक्सिजनद्वारे होल घालतो, म्हणजे चिन्ह धन हवं. कमी तापमानाला, प्रबळ क्षेत्रात ते ऋण होतं. २०११ मध्ये ग्रेनोबलच्या एनएमआर मोजणीत दिसलं, की अशा क्षेत्रात विद्युतभार स्वतःची नवी, पट्ट्यापट्ट्यांची मांडणी करतो. इलेक्ट्रॉन ज्यावरून फेरी मारतात तो संवेगाच्या जागेतला मोठा पृष्ठभाग त्यानेच दुमडून लहान कप्पे होत असावेत, असं माझं मत आहे.

आज नवा नमुना आहे, ऑक्सिजन किंचित जास्त. तारा पिळून झाल्या. हेलियम भरतोय.