श्वासाचा रकाना

मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक काय काय घेऊन येतात, याची वाचकांना कल्पना नसेल. लग्नपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ, श्रद्धांजलीचा मजकूर, नव्या दुकानाचे नाव... माजलगावात गेली कित्येक वर्षे हा जोडधंदा मी विनामूल्य करीत आलो आहे. पण माणसाच्या रक्तातल्या आम्लाचा हिशेब माझ्या दारी येईल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

तो आणला आमच्या गल्लीतल्या एका मुलीने. पोर परिचारिकेचे शिक्षण घेते. बारावीपर्यंत सारे मराठीत शिकली आणि आता एकदम इंग्रजी ग्रंथांशी गाठ! आम्ल आणि आम्लारी यांच्या समतोलाचे प्रकरण तिने तीनदा वाचले होते. वाचले कसले, पाठच केले होते. "सर, शब्द सगळे येतात, पण त्यातून काही दिसत नाही," ती म्हणाली. माझ्या वर्गातल्या साहित्याच्या विद्यार्थ्यांनी इतके नेमके वाक्य क्वचितच उच्चारले असेल.

गाडी पीएच या अक्षरांपाशीच अडली होती. मी म्हटले, "अगं, पीएच म्हणजे आपला सामू."

सामू! काय घरगुती शब्द आहे! ऐकताच डोक्याला पटका बांधलेले कोणी सामूअण्णा डोळ्यांपुढे उभे राहतात. मुलीचा चेहरा उजळला. "सामू? तो तर आमच्या आबांना ठाऊक आहे!" आणि ते खरेच होते. धरणाचे पाणी कालव्याने रानात आले, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून माती तपासणीचे कागद आले. आपल्या काळ्या रानाचा सामू आठाच्या आसपास आहे, हे आबा कागद न पाहता सांगतात. सात म्हणजे मधोमध. खाली आम्ल, वर आम्लारी.

जमिनीचे बरे असते. सामू साडेसहा असो की साडेआठ, काही ना काही उगवतेच. रक्ताला ही मुभा नाही. त्याने ७.३५ ते ७.४५ एवढ्या चिंचोळ्या बांधावरूनच चालायचे. ७.४ चा ७.१ झाला तर दिसायला तीन दशांशांचा फरक. पण या मापाची चालच अशी, की तेवढ्यात आम्लता दुप्पट होते. आणि शरीर तर रात्रंदिवस आम्लच तयार करीत असते! मग तोल राहतो कसा? रक्तातले बायकार्बोनेट आलेल्या आम्लाला तिथल्या तिथे गप्प करते. त्यातून निघणारा कार्बन डायॉक्साइड फुप्फुसे बाहेर टाकतात. उरलेले आम्ल मूत्रपिंडे लघवीवाटे काढतात आणि खर्ची पडलेल्या बायकार्बोनेटची भरपाई करतात. फुप्फुसांचे काम मिनिटांत होते, मूत्रपिंडांना मात्र दिवस लागतात. (जुलाबात हेच बायकार्बोनेट वाहून जाते. म्हणून जलसंजीवनीच्या पुडीत लिटरमागे २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते; शरीर त्याचे बायकार्बोनेट करून घेते.)

म्हणजे श्वास हे तातडीचे दार. ते बंद झाले तर काय होते, हे १९५२ साली कोपनहेगनमध्ये दिसले. सामूचे मापही त्याच शहरातले. १९०९ साली सोरेनसेन यांनी ते एका बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढले. (हे मात्र मी मुलीला सांगितले नाही. आबा माळकरी आहेत.) १९५२ मध्ये तिथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. रक्त तपासावे तर त्यात बायकार्बोनेट भरपूर. तेव्हा डॉक्टरांची समजूत अशी, की रक्त आम्लारी झाले आहे. ब्योर्न इब्सेन नावाचे भूलतज्ज्ञ म्हणाले, नेमके उलटे आहे. श्वास बाहेर पडत नाही म्हणून वायू साचला आहे आणि माणसे आम्लाने मरत आहेत. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी बसवून, रबरी पिशवी हाताने दाबून, त्यांनी तिला श्वास दिला. ती जगली. मग सुमारे दीड हजार विद्यार्थी आळीपाळीने रात्रंदिवस पिशव्या दाबीत बसले. मृत्यूचे प्रमाण निम्म्यावर आले.

"विद्यार्थी?" मुलीने विचारले.

"विद्यार्थी."

ती जरा ताठ बसली.

आता दार उघडे आहे, पण आम्लच बेसुमार झाले तर? मधुमेहात इन्सुलिन फार कमी पडले की असेच होते. मग तोल सावरायला फुप्फुसे जोराने वायू बाहेर फेकू लागतात. श्वास खोल आणि भराभर चालतो. कुस्मौल या जर्मन वैद्याने १८७४ साली त्याचे वर्णन केले. नातेवाईक म्हणतात, धाप लागली, घाबरला असेल. बोटाला लावायचे यंत्रही इथे फसवते. ते प्राणवायू दाखवते, सामू नाही. आकडा उत्तम असतो आणि आत रक्त आंबत असते.

हे ऐकून मुलगी गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "सर, आमच्या वॉर्डात तक्ता असतो. ताप, नाडी, रक्तदाब, श्वास. श्वासाच्या रकान्यात सगळ्यांच्या नावापुढं वीस असतं. कुणी मोजतच नाही. मिनिटभर उभं राहावं लागतं ना!"

हजेरीपटावर मान वर न करता मांडलेल्या हजेऱ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यात फार तर एखाद्याचे सत्र जाते. इथे माणूस जातो. मी तसे तिला म्हटले, आणि जरा कठोरपणेच म्हटले.

दसऱ्यानंतर तिची रात्रपाळी लागली. उलट्या आणि पोटदुखी म्हणून पन्नाशीच्या एका गृहस्थांना आणले होते. घरचे म्हणत होते, पित्त झालंय. बोटावरचे यंत्र ९८ सांगत होते. तक्त्यात अर्थातच वीस. ही पोर मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत पुरते मिनिट उभी राहिली आणि तिने ३४ लिहिले. मोठ्या सिस्टर वैतागल्या. मग स्वतः उभ्या राहिल्या, मोजले, आणि काही न बोलता डॉक्टरांना उठवायला गेल्या. साखर तपासली, लघवी तपासली. तासाभरात सलाईन आणि इन्सुलिन सुरू झाले.

चौथ्या दिवशी त्यांच्या नावापुढे १८ लिहिलेले होते. आजूबाजूच्या खाटांपुढे, मुलगी सांगत होती, कुठे १६, कुठे २२, कुठे १९.