टाकीतलं पाणी आणि भाजलेला हात

मे महिन्यात परभणीत पारा ४४-४५ च्या घरात गेला की गच्चीवरच्या काळ्या टाकीचा दुपारपर्यंत बंब होतो. भाजलं की नळाखाली हात धरा, हे सगळेच सांगतात. पण त्या वेळी नळाला येईल ते पाणी आगीत तेल ओतणारं. आधी बोट घालून बघावं. हापशाचं, बोअरचं, माठातलं पाणी बरं. बर्फ मात्र नको: रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखावलेल्या कातडीचं उरलंसुरलं रक्तही तुटतं.

धार धरायची ती २० मिनिटं, घड्याळ बघून. तव्यावरून हात उचलला तरी आत गेलेली उष्णता आपलं काम करत राहते. शेतातून घरी येईपर्यंत उशीर झाला, तरी ३ तासांपर्यंत याचा उपयोग होतो.

एवढं पाणी आणायचं कुठून? मिनिटाला लिटरभर, अशी बारीक धार धरली तर २० लिटर लागतात. म्हणजे लग्नकार्यात दिसतो तो एक जार. तांब्यानं सावकाश ओतायचं. तेवढंही नसेल तर सुती फडकं भिजवून ठेवायचं, गरम झालं की बदलायचं. लहान पोर असेल तर भाजलेला भाग तेवढा भिजवा, बाकीचं अंग पांघरुणात ठेवा. पोरं फार लवकर गारठतात.

टूथपेस्ट, शाई, हळद, तूप. पेस्टनं घटकाभर गार वाटतं, हे खरंच आहे. पण भाजणं किती खोल, हे डॉक्टर कातडीच्या रंगावरून ताडतात, आणि शाई-हळद नेमका तोच झाकते. मग ते पुसून काढताना जे पोर ओरडतं ते आपलंच असतं.

अंगठी, पाटल्या, जोडवी सूज यायच्या आत काढा. काचेची बांगडी निघत नसेल तर वाढवा, शकुन-अपशकुन नंतर बघू.

हुरड्याच्या दिवसांत आगटीवर राख चढली की ती विझल्यासारखी दिसते. पोरं अनवाणी तिथूनच पळतात आणि पाय भाजून घेतात.

साडीनं पेट घेतला तर पळायचं नाही. जमिनीवर पडून लोळायचं. वरून घोंगडी टाका, नायलॉनची चादर नको. चिकटलेलं कापड ओढू नये. फोडही फोडू नयेत. वर धुतलेलं सुती कापड सैलसर टाकलं की झालं.

मुंबईत डॉ. केसवानी यांनी १९८५ च्या सुमारास भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरून पाहिली. पुढे शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान वापरलं. आपल्याकडे केळीला तोटा नाही, म्हणून लगेच परसातलं पान तोडू नये! त्यांची पानं आणि साली निर्जंतुक केलेल्या होत्या, आणि जखम आधी धुतलेली.

१०८ ला फोन लावताना 'लई भाजलंय' म्हणून भागत नाही. भाजलेल्या माणसाचा स्वतःचा पंजा, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण १ टक्का. किती पंजे भाजलं ते मोजून सांगा. चेहरा, हात, सांधे किंवा जांघ भाजली असेल तर मोजत बसू नका, थेट दवाखाना गाठा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तिथंच विचारा.